फ्रान्स्वाझ दोर्लेआकचे चित्रपट तिच्याच नावाने दाखवा : फिल्म सोसायट्यांच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील फिल्म सोसायट्या आणि चित्रपट महोत्सव यांचे संयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

फ्रेंच अभिनेत्री फ्रान्स्वाझ दोर्लेआक हिच्या चार चित्रपटांचा एक छोटा महोत्सव आपण तिच्या नावाने भरवावा, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र खुले ठेवले आहे, कारण ही मागणी कोणा एका संस्थेकडे नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या महोत्सवांपासून तालुक्याच्या गावी महिन्यातून एक खेळ लावणाऱ्या मंडळांपर्यंत, जगाचा सिनेमा ज्यांच्यामुळे आपल्या दारात आला त्या सर्वांना उद्देशून ते आहे. या मंडळींविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. फ्रेंच सिनेमा पाहायला मी शिकले ते अशाच खेळांमधून, आणि म्हणूनच त्या खेळांमध्ये वर्षानुवर्षे राहून जाणारी एक गोष्ट आपल्यापुढे ठेवण्याचा मला हक्क आहे, असे मी समजते.

परदेशी चित्रपटांचे कार्यक्रम आपल्याकडे बहुधा दिग्दर्शकाच्या नावाने आखले जातात. त्रुफोचे सिंहावलोकन होते, पोलान्स्कीचे होते, जाक दमी आणि आन्येस वार्दा या दांपत्याचे होते. चित्रपटाचा खरा कर्ता दिग्दर्शक, हा विचार १९५० च्या दशकात पॅरिसच्या 'काये द्यु सिनेमा' या मासिकातून पुढे आला आणि फिल्म सोसायटी चळवळीने तो मनापासून स्वीकारला. त्यातून आपली पाहण्याची शिस्त घडली, हे मान्यच आहे. मात्र ज्या अभिनेत्रीला काम करायला जेमतेम सात वर्षे मिळाली, आणि त्या सात वर्षांतली तिची उत्तम कामे चार वेगवेगळ्या दिग्दर्शकांकडे विखुरलेली आहेत, ती या पद्धतीत कोणाच्याच वाट्याला येत नाही. त्रुफोचे पाच चित्रपट निवडायचे असतील तर 'ला पो दूस' सहावा ठरतो. दमीचा एकच दाखवायचा तर शेरबूर शहरातल्या छत्र्यांच्या दुकानाची ती प्रसिद्ध गोष्ट निवडली जाते आणि रोशफोरच्या जुळ्या बहिणी मागे राहतात. फिलिप द ब्रोकाचा 'लोम द रिओ' तर साहसपट म्हणून यादीत शिरतच नाही. एकेका निर्णयाकडे सुटे पाहिले तर त्यात चूक काढता येत नाही. चारही निर्णय एकत्र ठेवले की मात्र एक अख्खी अभिनेत्री गळून गेलेली दिसते.

आणि ती आलीच, तर कशी येते तेही सांगते. एका कार्यक्रमाच्या पत्रकात 'ला पो दूस'चा परिचय छापला होता. दिग्दर्शकाविषयी सविस्तर मजकूर होता, छायालेखक राऊल कुतार आणि संगीतकार जॉर्ज दलरू यांची नावे होती, आणि नायिकेविषयी एक वाक्य होते : कातरिन दनवची अपघातात वारलेली बहीण. हे वाक्य खोटे नाही. तरी ज्या बाईच्या हालचालींवर, ज्या बाईच्या गप्प राहण्यावर तो सबंध चित्रपट तोललेला आहे, तिची ओळख दुसऱ्या एका अभिनेत्रीच्या नात्याने आणि स्वतःच्या मरणाने करून द्यावी, हे मला फार लागले. इतर ठिकाणचे लेखनही याहून वेगळे नसते. म्हणून तिच्या आयुष्याविषयी आणि कामाविषयी जे ठामपणे सांगता येते ते येथे मांडते. आपल्या पत्रकांना त्याचा उपयोग झाला तर आनंदच आहे.

फ्रान्स्वाझचा जन्म २१ मार्च १९४२ रोजी पॅरिसमध्ये झाला. घर नटांचेच होते. वडील मोरीस दोर्लेआक रंगभूमी आणि चित्रपटांत कामे करत. आई रने सिमोनो याही रंगभूमीवरच्या. अमेरिकन चित्रपटांच्या फ्रेंच आवृत्तीत ऑलिव्हिया द हॅविलंडला त्यांचा आवाज असे. या माउली पुढे १०९ वर्षे जगल्या आणि २०२१ मध्ये वारल्या. कातरिन ही फ्रान्स्वाझपेक्षा दीड वर्षाने धाकटी. तिने पडद्यासाठी आईचे माहेरचे आडनाव, दनव, घेतले. फ्रान्स्वाझने वडिलांचे ठेवले. नटांच्या घरातली मुलगी म्हणून रंगभूमीकडे वळली ती फ्रान्स्वाझ. पॅरिसच्या नाट्य कॉन्झर्वेटवारमध्ये तिने शिक्षण घेतले, रंगमंचावर लेखिका कोलेतच्या 'जिजी'ची भूमिका केली, ख्रिस्तियाँ दिओरच्या फॅशनगृहासाठी मॉडेल म्हणून काम केले. १९६० मध्ये ती चित्रपटांत आली आणि त्याच वर्षीच्या 'ले पोर्त क्लाक' या चित्रपटात तिच्या बहिणीच्या भूमिकेसाठी मुलगी हवी होती, तेव्हा तिने कातरिनला पुढे केले. तेव्हा थोरली माहीत होती आणि धाकटी तिचे बोट धरून येत होती. आजचे पत्रक वाचून हा क्रम कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

पहिल्या तीन-चार वर्षांतल्या भूमिका बेताच्या होत्या. रने क्लेर या जुन्या पिढीच्या दिग्दर्शकाकडेही ती १९६१ मध्ये एका विनोदी चित्रपटात होती. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

१९६४ या एका वर्षात मात्र तिचे चार चित्रपट प्रदर्शित झाले आणि त्यांतल्या पहिल्या दोघांनी ती काय ताकदीची नटी आहे हे दाखवून दिले. फेब्रुवारीत 'लोम द रिओ' आला. त्यात प्रसिद्ध फ्रेंच नट बेलमोंदो आठ दिवसांच्या रजेवर आलेला सैनिक आहे, आणि त्याची प्रेयसी आन्येस त्याच्या डोळ्यांदेखत पळवली जाते. तिच्यामागे तो थेट ब्राझीलला पोहोचतो. अशा गोष्टीत नायिकेने ओरडायचे, घाबरायचे आणि नायकाच्या हाताला धरून पळायचे एवढेच काम असते. दोर्लेआकने त्या भूमिकेत एक हट्टी, लहरी, वैताग आणणारी आणि तरीही हवीहवीशी वाटणारी मुलगी उभी केली. सुटका झाल्यावर तिला हायसे वाटण्याऐवजी भूक लागते, राग येतो, नाचावेसे वाटते. रिओत ती वस्तीतल्या लोकांबरोबर सांबा नाचते तेव्हा तिचे लांब हातपाय कोणत्याही शाळेत शिकल्यासारखे हलत नाहीत, आणि सबंध गर्दीत नजर तिच्यावरून हटत नाही. नुकत्याच उभारलेल्या ब्राझिलिया शहराच्या ओसाड काँक्रीटमधून बेलमोंदो जो धावतो तो भाग सिनेमाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. ज्या मुलीसाठी तो धावतो ती तितक्या धावण्याच्या लायकीची वाटली नसती, तर त्या धावपळीत काही अर्थ उरला नसता.

तीनच महिन्यांनी, मे महिन्यात, 'ला पो दूस' म्हणजे 'मऊ कांती' आला, आणि त्यात हीच मुलगी ओळखू येत नाही. चित्रीकरण आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत झाले, म्हणजे तिचे वय तेव्हा २१ होते. गोष्ट साधी आहे. पिएर लाशने हा साहित्यिक मासिकाचा संपादक, विवाहित, एका मुलीचा बाप, बाल्झाकवर भाषण द्यायला लिस्बनला निघतो. विमानात निकोल नावाची हवाई सुंदरी आहे. तिला तो पुरती पाहतो त्याआधी फक्त तिची पावले पाहतो : पडद्याखालून दिसते की ती सपाट जोडे काढून उंच टाचांचे घालते आहे. पुढे हॉटेलच्या लिफ्टमध्ये दोघे समोरासमोर येतात. त्या दृश्यात संवाद जवळजवळ नाहीतच. लिफ्ट वर जाताना त्रुफोने वेळ इतका ताणला आहे की मजले संपतच नाहीत असे वाटते, आणि ती उतरून गेल्यावर तोच प्रवास खाली येताना क्षणात संपतो. या दृश्याचे विश्लेषण करताना नेहमी संकलनाचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. पण त्या ताणलेल्या वेळात कॅमेरा पाहतो ते दोर्लेआकला. ती लाजत नाही, खुणावत नाही, टाळतही नाही. आपल्याकडे पाहिले जात आहे हे तिला कळते, आणि कळल्याचे ती ना लपवते ना दाखवते. २१ व्या वर्षी एवढा संयम कसलेल्या नटीलाही सहज साधत नाही.

या चित्रपटातला माझ्या मते सर्वांत मोलाचा तुकडा मात्र फार छोटा आहे, आणि त्याकडे आपण प्रेक्षकांचे लक्ष वेधावे असे मला वाटते. दोघे गाडीतून बाहेरगावी निघाले आहेत. निकोलने जीन्स घातली आहे. पिएर म्हणतो की आपल्याला ती स्कर्टमध्ये अधिक आवडते. पेट्रोल भरायला गाडी थांबते, निकोल उतरते, आत जाते आणि कपडे बदलून येते. एवढेच. दुसऱ्या कोणा अभिनेत्रीने यात आज्ञाधारकपणा दाखवला असता, किंवा लाडीकपणा, किंवा लपवलेला अपमान. दोर्लेआक हे इतक्या सहजपणे करते, जणू कोणी खिडकी लाव म्हटले आणि तिने लावली, की पाहणाऱ्याच्या लक्षात दोन गोष्टी एकाच वेळी येतात : या मुलीचे या माणसावर मनापासून प्रेम आहे, आणि हा माणूस मुलीला न पाहता आपल्या मनातल्या कोणा मुलीला पाहतो आहे. पुढे रँस शहरात तो आयोजकांच्या गराड्यात कॅफेत बसलेला असतो आणि बाहेर रस्त्यावर एक परका माणूस निकोलच्या मागे लागतो. पिएर काचेतून ते पाहतो आणि उठत नाही. शेवटी अर्धवट बांधलेल्या एका इमारतीत तो तिला आपल्या भावी संसाराचे घर दाखवतो, तेव्हा ती शांतपणे नाही म्हणते. त्या नकाराची तयारी दोर्लेआकने पेट्रोल पंपापासूनच केलेली असते, हे दुसऱ्यांदा पाहताना उमगते. कान महोत्सवात त्या वर्षी या चित्रपटाचे स्वागत थंडे झाले, आणि सर्वोच्च पारितोषिक मिळाले ते नेमके दमीच्या 'शेरबूर'ला, ज्यात कातरिन होती. दोघी बहिणींची नावे कोणत्या क्रमाने घेतली जातील हे बहुधा तिथेच ठरले असावे. आज 'ला पो दूस'ला त्रुफोच्या उत्तम कामांत मोजणारे पुष्कळ आहेत. नायिकेकडे पुन्हा पाहणारे त्या मानाने थोडे.

१९६५ च्या सुमारास तिला परदेशी कामे मिळू लागली. ओमर शरीफच्या 'चंगीझ खान'मध्ये ती खानाची पत्नी होती आणि डेव्हिड निव्हनबरोबर एका हेरपटातही होती. हे चित्रपट दाखवावेत असे मी म्हणणार नाही. त्या काळी इंग्रजी बोलू शकणाऱ्या युरोपीय नटीला ज्या भूमिका मिळत त्याच तिलाही मिळाल्या.

'कुल-द-साक' मात्र दाखवायला हवा. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लिंडिसफार्न नावाचे बेट आहे; भरतीच्या वेळी त्याचा रस्ता पाण्याखाली जातो. तिथल्या किल्ल्यात जॉर्ज आणि टेरेसा हे विजोड जोडपे राहते आणि एक जखमी गुंड त्यांच्याकडे येऊन ठाण मांडतो. डोनाल्ड प्लेझन्स आणि लायनेल स्टँडर या दोन मुरलेल्या नटांच्या मध्ये, परक्या भाषेत, तेवीस वर्षांच्या दोर्लेआकला टिकून राहायचे होते. तिची टेरेसा कंटाळलेली आहे, आणि कंटाळलेल्या मुलाप्रमाणे क्रूर आहे. सुरुवातीलाच ती नवऱ्याला आपला झोपण्याचा झगा घालते आणि त्याच्या तोंडाला रंग फासते; पुढे झोपलेल्या गुंडाच्या पायाच्या बोटांत कागद खोचून पेटवते. हा खेळ आहे, सूड आहे की नुसती दुपार घालवणे आहे, हे ती कधीच उघड करत नाही. समुद्रकिनाऱ्यावरचे सात मिनिटांहून लांब असे एकसलग दृश्य या चित्रपटात आहे. पुढे दोघे पुरुष दारू पीत बोलत बसले आहेत आणि मागे टेरेसा थंडगार समुद्रात उतरते. टेक पुन्हा घेतला की तिला पुन्हा त्या पाण्यात उतरावे लागे. या दृश्याची तारीफ करताना कॅमेऱ्याच्या स्थैर्याबरोबरच तिच्या अंगाने सोसलेल्या थंडीचाही उल्लेख व्हावा. चित्रपटाला १९६६ मध्ये बर्लिन महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण अस्वल, मिळाले.

येथे एक अवघड विषय आहे आणि तो टाळणे बरे नव्हे. 'कुल-द-साक'चा दिग्दर्शक रोमन पोलान्स्की याने १९७७ मध्ये अमेरिकेत अल्पवयीन मुलीशी शरीरसंबंध ठेवल्याचा गुन्हा कबूल केला आणि पुढच्या वर्षी शिक्षा होण्याआधी तो देश सोडून गेला. त्यामुळे त्याचे सिंहावलोकन भरवायला अनेक संस्था आता तयार नसतात. त्यांच्या भूमिकेचा मी आदर करते. तसा गौरव सोहळा मलाही नको आहे. पण त्या निर्णयाचा फटका ज्या अभिनेत्रीला बसतो ती त्या गुन्ह्याच्या दहा वर्षे आधीच वारली होती. 'कुल-द-साक' दोर्लेआकच्या महोत्सवात, तिच्या नावाखाली दाखवला, तर दिग्दर्शकाचा सत्कार न करता तिचे काम लोकांपुढे आणता येते, आणि आक्षेप घेणाऱ्या सभासदांशी त्यावर मोकळेपणाने बोलताही येते. माझ्या मागणीमागचे हे एक सबळ कारण आहे.

आता 'ले दमोझेल द रोशफोर'. हा चित्रपट आपल्या प्रेक्षकांइतका चांगला कोणाला कळू शकेल, याची मला शंका आहे, आणि तो आपल्याकडे इतका कमी दाखवला जातो याचे आश्चर्य वाटते. रोशफोर हे फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याकडचे जुने नौदलाचे गाव. १९६६ च्या उन्हाळ्यात दमीने तिथल्या भिंती आणि खिडक्यांची दारे फिक्या, गोड रंगांत रंगवून घेतली आणि त्या रस्त्यांवर माणसे नाचवली. सोलांज आणि देल्फीन या जुळ्या बहिणी तिथे मुलांना शिकवतात, एक संगीत आणि दुसरी नृत्य. दोघींना पॅरिसला जायचे आहे, दोघींना प्रेमाची वाट पाहायची आहे. सोलांज दोर्लेआक आहे, देल्फीन तिची सख्खी बहीण कातरिन. संगीत मिशेल लग्राँचे, आईच्या भूमिकेत दानिएल दारियु, आणि सोलांजचा प्रियकर म्हणून हॉलिवूडहून आलेला जीन केली.

गाणी आधी ध्वनिमुद्रित झाली होती. दारियु सोडल्यास सर्वांना गाण्यापुरते दुसऱ्यांचे आवाज आहेत. दोर्लेआकसाठी क्लोद पारां ही गायिका गायली. युरोपातले समीक्षक याचा उल्लेख जरा उणेपणाच्या सुरात करतात. आपल्याकडे मात्र पार्श्वगायनावर अभिनय करणे ही एक स्वतंत्र कला आहे, आणि गाणे दुसऱ्याचे असूनही ते आपल्याच छातीतून येते आहे असे भासवणारी नटी कोणती व नुसते ओठ हलवणारी कोणती, हे आपल्या घरातली आजीसुद्धा सांगते. त्या कसोटीवर दोर्लेआककडे पाहावे. दोघी बहिणींचे जुळ्यांचे गाणे सुरू होते तेव्हा कातरिन सुरेख दिसते आणि नेटकी हलते. फ्रान्स्वाझ शब्द चावून, मान झटकून, खांदे उडवून, मधेच बहिणीकडे मिस्कील नजर टाकून ते गाणे खरोखर म्हणते. जत्रेतल्या कार्यक्रमात दोघी लाल, टिकल्यांच्या पोशाखात येतात तेव्हाही हाच फरक दिसतो. मी यात धाकटीला कमी लेखत नाही. तिची शांतता हे तिचे बलस्थान आहे आणि पुढच्या साठ वर्षांत तिने ते सिद्ध केले. एवढेच म्हणते की या चित्रपटाचा वेग, त्याची खोडी आणि त्याच्या आनंदातली किंचित हुरहूर सोलांजकडून येते.

तिचे आणि केलीचे दृश्य मुद्दाम सांगावेसे वाटते. शाळेतून धाकट्या भावाला घेऊन सोलांज घाईने निघाली आहे, हातातले सामान रस्त्यावर सांडते, एक अनोळखी माणूस वाकून ते गोळा करायला मदत करतो. दोघे एकमेकांकडे पाहतात. ती निघून जाते, आणि तिने रचलेल्या कॉन्चेर्तोचे एक पान त्याच्याकडे राहते. पुढे कितीतरी वेळ दोघे एकाच गावात असून भेटत नाहीत. अखेरीस वाद्यांच्या पांढऱ्याशुभ्र दुकानात ती शिरते तेव्हा तो तीच रचना पियानोवर वाजवत असतो, आणि मग दोघे नाचतात. केलीने तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती, आयुष्य नाचण्यात गेले होते. ती २४ वर्षांची, व्यावसायिक नर्तकी नसलेली. तरी ती त्याच्या मागे पडत नाही, कारण ती पावले मोजत नाही. दुकानात पाऊल टाकताच आपले संगीत ऐकून तिच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पडद्यावरच पाहावे.

हा चित्रपट ८ मार्च १९६७ रोजी फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी २६ जून रोजी नीसच्या विमानतळाकडे स्वतः मोटार चालवत निघालेली असताना व्हिलनव्ह-लुबेजवळ तिची गाडी घसरून उलटली, पेटली आणि ती त्यात वारली. तिचे वय २५ होते. मायकेल केनबरोबरचा केन रसेलचा हेरपट तिच्या मृत्यूनंतर लोकांसमोर आला.

मृत्यूविषयी एवढेच आपल्या पत्रकात यावे, अशी माझी विनंती आहे. इंटरनेटवर तिच्याविषयीचे बहुतेक लेखन त्या दुपारच्या तपशिलांनी भरलेले असते आणि 'जगली असती तर' या वाक्याने संपते. जगली असती तर काय झाले असते हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि सांगण्याची गरजही नाही. चार चित्रपट समोर आहेत. आन्येस, निकोल, टेरेसा आणि सोलांज या चार बाया एकमेकींशी इतक्या अनोळखी आहेत की एकीला पाहून दुसरीचा अंदाज येत नाही. तीन-साडेतीन वर्षांत एवढा पल्ला ज्या नटीने गाठला, तिच्या कारकिर्दीला अपुरी म्हणण्याऐवजी तिच्याकडे पूर्ण पाहिलेले बरे.

फ्रान्समध्ये तिला आठवणारे आहेत. त्रुफोने १९६८ मध्ये 'काये द्यु सिनेमा'त तिच्यावर लेख लिहिला. कातरिन दनव अनेक वर्षे बहिणीविषयी जाहीरपणे बोलल्या नाहीत, पण १९९६ मध्ये त्यांनी कादंबरीकार पात्रिक मोदियानो यांच्यासह तिच्यावर एक पुस्तक केले. 'ले दमोझेल द रोशफोर'ला २५ वर्षे झाली तेव्हा रोशफोरमध्ये सोहळा झाला; आन्येस वार्दांनी त्यावर माहितीपट केला, आणि रेल्वे स्टेशनसमोरच्या चौकाला फ्रान्स्वाझ दोर्लेआक हे नाव आहे.

नटीच्या नावाने चित्रपट पाहण्याची रीत आपल्यालाही परकी नाही. स्मिता पाटील ३१ व्या वर्षी गेल्या. त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ 'उंबरठा' दाखवतो तेव्हा तो जब्बार पटेलांचा चित्रपट आहे हे आपण विसरत नाही, पण त्या संध्याकाळी सुलभा महाजन कशी बोलते, कशी थांबते, याकडे लक्ष देऊन पाहतो, आणि त्यामुळे दिग्दर्शकाचे कामही अधिक कळते. तसेच येथे व्हावे.

आता व्यवहाराचे. चारही चित्रपटांच्या डिजिटल पद्धतीने दुरुस्त केलेल्या उत्तम प्रती आज उपलब्ध आहेत. प्रत्येकाची लांबी साधारण दोन तास आहे, म्हणजे शनिवार-रविवार मिळून चार खेळ सहज बसतात. क्रम प्रदर्शनाचाच ठेवावा : शनिवारी 'लोम द रिओ' आणि 'ला पो दूस', रविवारी 'कुल-द-साक' आणि शेवटी 'रोशफोर'. पहिल्या दिवशी एक रंगीत आणि एक कृष्णधवल येतो, दुसऱ्या दिवशी कृष्णधवलानंतर रंगीत, आणि तो शेवट प्रेक्षकांना आवडेल. 'ला पो दूस' आणि 'लोम द रिओ' एकाच दिवशी पाहणे तर फार आवश्यक आहे, कारण तीच मुलगी तीन महिन्यांच्या अंतराने किती बदलली हे तेव्हाच दिसते. खेळापूर्वीच्या प्रास्ताविकासाठी एखादी रंगभूमीवरची अभिनेत्री बोलवावी आणि तिने केवळ अभिनयावर बोलावे. 'रोशफोर'ची प्रत निवडताना गाण्यांना उपशीर्षके आहेत याची खात्री आधी करून घ्यावी. गाणी कळली नाहीत तर अर्धी गोष्ट हातची जाते. पत्रकात नायिकेचे नाव सर्वांत वर असावे आणि तिच्या बहिणीचा उल्लेख 'रोशफोर'च्या श्रेयनामावलीत, जिथे तो खरोखर लागतो तिथे, यावा.

महोत्सव जूनमध्ये, पुण्यतिथीला, ठेवू नये. २१ मार्चच्या जवळचा शनिवार-रविवार मला योग्य वाटतो. चारही चित्रपटांची मराठी टिपणे मी लिहून देईन, त्याचे मानधन नको. एखाद्या गावी यंत्रणा एकाच खेळाची असेल तर 'ला पो दूस' दाखवावा.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एका फिल्म सोसायटीची जुनी सभासद